लेथवाल्या चाचांचे जाहीर आभार

चाचा, सलाम.

खरं तर दुकानात येऊनच बोलणार होतो, पण तुमचं लेथ चालू असलं की तुम्हाला बाजूला वाजलेला हॉर्नपण ऐकू येत नाही आणि बंद असलं की तुम्ही चहाला गेलेले असता. म्हणून इथंच सगळ्यांसमोर लिहायलोय, तुमचा पोरगा वाचून दाखवेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हॉट रॉड बनवायलोय. अमेरिकेत 1930 च्या आसपास कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घ्यायची, मडगार्ड बिडगार्ड काढून वजन कमी करायची, इंजिन तगडं करायची आणि कोरड्या पडलेल्या तळ्यात पळवायची, तिथून हा नाद सुरू झाला. 1932 मध्ये फोर्डनं स्वस्त गाडीत आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन दिलं आणि मग तर या पोरांचं फावलंच. माझ्याकडं कुठली फोर्ड, माझी आपली जुन्या महिंद्रा जीपची चेसिस, तिचाच गिअरबॉक्स आणि अँबॅसडरचं 1.8 इसुझू पेट्रोल इंजिन. बनी तो बनी नहीं तो परभणी, हे आपल्या गावाबद्दल कुणी म्हणलं असेल ते बरोबरच म्हणलंय.

आता जीपचा गिअरबॉक्स या इंजिनाला सरळ बसत नाही, बोल्टची भोकंच जुळत नाहीत, मधे अ‍ॅडॉप्टर प्लेट लागते. ती एका ठिकाणी बनवून घेतली, बसवली, इंजिन पहिल्या सेल्फला स्टार्ट झालं, सगळी गल्ली गोळा झाली, आणि क्लच दाबून पहिला टाकला की असा कर्रर्र आवाज की आई किचनमधून बाहेर आली. मग जो तो डॉक्टर. कुणी म्हणे क्लच प्लेट बदल, कुणी म्हणे प्रेशर प्लेट, एकजण तर म्हणला गिअरबॉक्सच भंगारात घाल. क्लच प्लेट बदलली, पैसे गेले, आवाज तिथंच. प्लेट बनवणाऱ्यांकडं गेलो तर ते म्हणे मशीनवर कापलीय, चुकूच शकत नाही.

तुमच्याकडं मी खरं तर फक्त पायलट बुश, म्हणजे इंजिनाच्या मागच्या टोकातली ती कडी जिच्यात गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक बसतं, ती टर्न करून घ्यायला आलो होतो. तुम्ही जुना बुश हातात घेतला, उन्हात धरून आतून बघितला, बोटानं सोनेरी चुरा पुसला आणि म्हणलात, "बुश मुँह पे च ज्यादा खाया है मियाँ, गिअरबॉक्स कू कुछ नै हुआ, सेंटर हिल्या सो है." बस, एवढं एक वाक्य. इतक्या लोकांनी तो बुश बघितला होता, तोंडाशीच जास्त घासलाय हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आणि मग दुकान पोराच्या हवाली करून तुम्ही डायल गेज (बारीक फरक सुईवर दाखवणारं मीटर) पिशवीत घालून माझ्या मागं बाईकवर बसलात, या वयात, मे महिन्यात, परभणीच्या दुपारी. चारही स्पार्क प्लग काढायला लावले म्हणजे इंजिन हातानं हलकं फिरावं, गेजचा मॅग्नेट बेस इंजिनाच्या मागच्या जड चाकाला, म्हणजे फ्लायव्हीलला चिकटवला, डायलचं टोक बेलहाउसिंगच्या (क्लचवरचं घंटेसारखं कव्हर, ज्याला गिअरबॉक्स बसतो) गोल भोकाला आतून टेकवलं आणि म्हणलात हळूहळू फिरव. सुई पूर्ण चक्करमध्ये 18 थाऊ हलली, एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. म्हणजे सेंटर त्याच्या निम्मं, 9 थाऊ सरकलेलं, वहीची दोन-तीन पानं एकावर एक ठेवली तर होईल एवढंच. पण पूर्ण चक्करमध्ये 5 थाऊच्या आत पाहिजे. गिअरबॉक्सचा शाफ्ट तेवढा वाकडा जाऊन बुशमध्ये अडकायचा, क्लच दाबला तरी इंजिनासोबत फिरतच राहायचा, मग गिअर ओरडणार नाही तर काय.

नवीन प्लेट बनव असं तुम्ही म्हणला नाहीत, याचं मला लई वाटतं. प्लेट जागेवर धरणाऱ्या जुन्या पिना, म्हणजे डॉवेल काढले, बोल्टची भोकं किंचित मोठी केली, पितळी हातोडीनं टिचक्या मारत मारत सुई 3 थाऊवर आणली, बोल्ट आवळून परत एकदा फिरवून बघितलं आणि मगच ड्रिल, हातरीमर आणि नवीन डॉवेल. बुश तर गनमेटलचा असा टर्न केलात की शाफ्ट बोटानं सरकवला की आत जातो, हलवला तर हलत नाही. पैसे विचारले तर फक्त बुशचे घेतलेत.

जाता जाता रेडिएटरला पत्र्याचा श्राऊड करून दिलात तेपण विसरलो नाही. फॅन बाजूची हवा ओढत होता, जाळीतून काही येत नव्हतं, आता टेंपरेचरचा काटा मधेच राहतो.

आरटीओवाले वाचत असतील तर, साहेब, गाडी रस्त्यावर नाही, शेतातल्या वाटेवरच फिरते. कंपनीच्या मूळ गाडीत असे बदल करायचे नाहीत हा सुप्रीम कोर्टाचा 2019 चा निकाल मला माहितीय.

चाचा, आता चाळीसच्या पुढं खालून घरघर येते. इंजिन मागं सरकवल्यामुळं गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडं जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटचे कोन सारखे राहिले नसावेत असं वाटतंय. गुरुवारी घेऊन येऊ का, आणि यावेळी पैसे पूर्ण घ्यायचे, नाहीतर मी शाफ्ट गाडीतून काढतच नाही.