खेळाचा तास गणिताला कशाला?

महोदय,

परीक्षा जवळ आली की माध्यमिक शाळांत पहिला बळी खेळाच्या तासाचा जातो. ५ ते १७ वयोगटातील मुलांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते दमदार शारीरिक हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग तो तास गणिताला कशाला?

खेळाइतकाच मुलांना शाळेबद्दल वाटणारा आपलेपणाही महत्त्वाचा; तो घोषणांनी येत नाही. व्यासपीठावर दरवर्षी तीच चार हुशार मुले दिसतात. बाकीच्यांनी फक्त टाळ्या वाजवायच्या! पडदा ओढणे, सामन्यांचे गुण मांडणे, भित्तिपत्रक रंगवणे ही कामे मागच्या बाकांवरच्यांना द्यावीत. आणि समुपदेशकाची खोली मुख्याध्यापकांच्या दालनाशेजारी नको. तिथे सगळ्यांच्या देखत कोण जाईल?

– एक पालक