ग्रोव्हर्स मिलचं नभोनाट्य

जळगाव

चि. अमोघ,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या न्यू जर्सीतल्या ग्रोव्हर्स मिलच्या व्हॅन नेस्ट पार्कमधल्या ब्राँझच्या स्मारकाचा फोटो पोचला. वर तीन पायांचं मंगळावरचं यंत्र, मायक्रोफोनसमोर ऑर्सन वेल्स आणि रेडिओला खेटून बसलेलं कुटुंब, सगळं स्पष्ट दिसतंय. रेवाही छान आली आहे. पण फोटोखाली तू लिहिलंस, की १९३८ साली मंगळवासीयांच्या स्वारीचं रेडिओवरचं एक नाटक ऐकून अख्खी अमेरिका रस्त्यावर आली, काहींनी तर जीव दिला, आणि तुमच्या ऑफिसात सगळे हेच सांगतात. हे फोनवर बोलायचं म्हटलं तर तू घाईत असतोस, म्हणून लिहायला बसले. माझी सगळी नोकरी आकाशवाणीत गेली. त्या नाटकाचं रेकॉर्डिंग मी इतक्यांदा ऐकलंय, की त्याची चुकीची गोष्ट माझ्या नातीच्या डोक्यात बसलेली मला चालणार नाही.

आधी नाटकाबद्दल सांगते, कारण गोंधळाच्या गोष्टीत ते नाटक किती चांगलं होतं हेच मागे पडतं. सीबीएस या अमेरिकन रेडिओ नेटवर्कवर 'मर्क्युरी थिएटर ऑन द एअर' नावाचा कार्यक्रम जुलै १९३८ मध्ये सुरू झाला. गाजलेल्या साहित्यकृतींची दर आठवड्याला नभोनाट्यं करायची. प्रायोजक नाही, पैसा बेताचा, आणि कर्ता ऑर्सन वेल्स अवघा तेवीस वर्षांचा. एच. जी. वेल्स (हे वेगळे, इंग्रज लेखक) यांची मंगळवासीयांच्या स्वारीची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही कादंबरी १८९८ ची, इंग्लंडमध्ये घडणारी. ती अमेरिकेत आणून, चालू कार्यक्रमात मधेच येणाऱ्या बातम्यांच्या रूपात लिहायचं काम हॉवर्ड कॉककडे आलं. हातात जेमतेम आठवडा. त्यानेच पुढे सांगितलंय, की वाटेत एका पेट्रोल पंपावर त्याने न्यू जर्सीचा रस्त्यांचा नकाशा घेतला, घरी येऊन तो पसरला, डोळे मिटून पेन्सिल टेकवली, तर ती ग्रोव्हर्स मिलवर पडली. बाजूला प्रिन्स्टन होतं, म्हणजे वेधशाळेतल्या प्राध्यापकाचीही सोय झाली. तुम्ही शनिवारी जिथे बदकांना दाणे घालता त्या गावाचं नाव जगभर झालं ते असं.

तालीम रेकॉर्ड करून ऐकली तेव्हा सगळ्यांना ती रटाळ वाटली. मग रात्र जागून बातम्यांचा भाग वाढवला. सीबीएसच्या लोकांनी संहिता वाचून खऱ्या संस्थांची नावं बदलायला लावली. न्यू जर्सी नॅशनल गार्डच्या जागी 'स्टेट मिलिशिया' झालं. एक गोष्ट मात्र त्यांच्या हातून निसटली. नाटकातला गृहमंत्री राष्ट्राला उद्देशून बोलतो, तो नट थेट रूझवेल्टच्या धाटणीत बोलला. मार्च १९३३ पासून अध्यक्ष रूझवेल्ट रेडिओवरून लोकांच्या बैठकीच्या खोलीत येऊन बोलत होते. तो आवाज घराघरांत ओळखीचा होता. नाव घ्यायची गरजच नव्हती.

आता नाटकात पत्रकार कार्ल फिलिप्सचं काम केलेल्या फ्रँक रीडिक या नटाबद्दल. तुमच्याकडून तासाभराच्या अंतरावर लेकहर्स्ट आहे ना, तिथे ६ मे १९३७ रोजी हिंडेनबर्ग हे जर्मन हवाई जहाज उतरता उतरता पेटलं. ३६ माणसं गेली. शिकागोच्या स्टेशनचा हर्बर्ट मॉरिसन तिथे लॅकरच्या तबकडीवर वर्णन रेकॉर्ड करत होता. जहाज उतरतंय, पाऊस थोडा ओसरलाय, असं शांतपणे बोलता बोलता समोर ज्वाळा उसळतात आणि त्याचा गळा दाटून येतो, शब्द सापडेनासे होतात. ते प्रसारण थेट नव्हतं, दुसऱ्या दिवशी लोकांनी ऐकलं. रीडिक ती तबकडी काढून पुन्हा पुन्हा ऐकत बसला. म्हणूनच त्याचा फिलिप्स आधी थोडा कंटाळलेला, कामापुरतं बोलणारा वाटतो, आणि मग हळूहळू त्याचं वाक्य मोडायला लागतं. आमच्याकडे नवीन मुलं ऑडिशनला आली की पहिल्याच वाक्यापासून किंचाळायची. त्यांना मी हाच भाग ऐकवायची.

मंगळावरून आलेल्या नळकांड्यासारख्या यानाचं झाकण उघडतानाचा आवाज कसा केला, माहीत आहे? सीबीएसच्या ध्वनिपरिणाम विभागाची प्रमुख एक बाई होती, ओरा निकोल्स. बरणी घेऊन ती स्वच्छतागृहात गेली आणि तिथल्या घुमणाऱ्या जागेत बरणीचं झाकण सावकाश फिरवलं, असं सांगतात. तीसच्या दशकात एवढ्या मोठ्या नेटवर्कचा तो विभाग एका बाईच्या हातात होता याचा मला फार अभिमान वाटतो. तिचं नाव स्मारकावर असायला हवं होतं.

आणि मग तो क्षण. फिलिप्स सांगतोय की ज्वाळा पसरत इकडेच येतायत, आपल्या उजवीकडे साधारण वीस यार्डांवर, आणि आवाज तुटतो. त्यानंतर काहीच नाही. सुमारे सहा सेकंद. वाचताना सहा सेकंद काहीच वाटत नाहीत. ड्यूटीवर असताना प्रसारण दोन सेकंद जरी गेलं तरी आमच्या काळजाचं पाणी व्हायचं, कंट्रोल रूममधून धावाधाव सुरू व्हायची. रेडिओवर शांतता म्हणजे काहीतरी बिघडलंय. वेल्सने हात वर धरून सगळ्यांना थोपवून ठेवलं, एकालाही बोलू दिलं नाही. पाण्यासारखा पैसा ओतूनही हा परिणाम मिळाला नसता.

आता ३० ऑक्टोबर १९३८, रविवार, रात्री आठ. कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं की ही एच. जी. वेल्सच्या कादंबरीवरची श्रुतिका आहे. साधारण चाळीस मिनिटांनी मध्यंतरात पुन्हा सांगितलं. शेवटी तर वेल्स स्वतःच्या आवाजात म्हणाला, की चादर पांघरून झुडपातून 'बू' करावं तशी ही आमची हॅलोविनची गंमत होती. शिवाय नुसतं लक्ष देऊन ऐकलं तरी कळत होतं. फिलिप्स म्हणतो, प्रिन्स्टनहून अकरा मैल आम्ही दहा मिनिटांत कापले. प्रिन्स्टन ते ग्रोव्हर्स मिल अंतर मुळात अकरा मैल नाहीच, तू गाडीने मोजून बघ. पुढच्या थोड्याच मिनिटांत सात हजारांचं सैन्य येतं, लढतं आणि संपतं.

तरी काही माणसं घाबरली, आणि ती का घाबरली ते तू नीट समजून घे. त्यांना वेडी म्हणणं मला मुळीच पटत नाही. महिनाभर आधीच म्युनिकचा पेच होऊन गेला होता. हिटलर चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडत होता आणि सीबीएसचा बातम्या देणारा काल्टेनबॉर्न अठरा दिवस स्टुडिओतच मुक्काम करून, गाणी-नाटकं मधेच थांबवून युरोपच्या बातम्या देत होता. कार्यक्रम तुटला की युद्धाची बातमी, अशी कानांना सवय लागली होती. त्या रात्री उशिरा रेडिओ लावलेल्या अनेकांना मंगळ ऐकूच आला नव्हता. त्यांनी ऐकलं ते विषारी वायू, पडलेलं सैन्य, सोडून पळालेली शहरं. त्यांना वाटलं जर्मन आले. पहिल्या महायुद्धातला वायुहल्ला पाहिलेली माणसं तेव्हा पन्नाशीचीही नव्हती. नेवार्कमध्ये एका वस्तीतली वीसहून अधिक कुटुंबं तोंडावर ओले रुमाल धरून बाहेर आली, हे दुसऱ्या दिवशीच्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या काँक्रीट नावाच्या छोट्या गावात तर नेमकी त्याच वेळी वीज गेली. त्या गावाने काय करायचं होतं? आणि एका माणसाने नंतर पत्र लिहिलं: साठवलेल्या पैशांतून सव्वातीन डॉलर काढून तिकीट काढलं, साठ मैल गेल्यावर कळलं की नाटक होतं, ते पैसे बुटांसाठी ठेवले होते, तर कृपा करून नऊ नंबरचे काळे बूट पाठवाल का? हे पत्र वाचताना मला हसू येत नाही. मंदीच्या दिवसांत सव्वातीन डॉलर साठवायला त्याला किती आठवडे लागले असतील, एवढंच मनात येतं.

पण अख्खी अमेरिका? नाही रे. त्या वेळी दुसरीकडे एनबीसी या दुसऱ्या नेटवर्कवर एडगर बर्गन आणि त्याचा बोलका बाहुला चार्ली मॅकार्थी चालू होता. आपल्याकडे पाध्यांचा अर्धवटराव जसा घरोघरी लाडका, तसा तिकडे हा चार्ली. देश त्याला ऐकत होता. त्याच रात्री श्रोत्यांची मोजणी करणाऱ्या एका कंपनीने सुमारे पाच हजार घरी फोन करून काय ऐकताय म्हणून विचारलं, तेव्हा वेल्सचं नाटक ऐकणारे निघाले दोन टक्के. सीबीएसशी जोडलेल्या बॉस्टनसारख्या मोठ्या शहरातल्या स्टेशनने तर त्या वेळी स्वतःचाच कार्यक्रम लावला होता. पोलीस ठाण्यांत, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत फोन खणखणले हे खरं आहे. पण घाबरून चौकशी करणं म्हणजे पळत सुटणं नव्हे. जीव दिल्याच्या कहाण्या खूप फिरल्या, त्यातल्या एकीचाही पुरावा मिळालेला नाही. वेल्सकडे तेव्हा आलेली पत्रं मिशिगन विद्यापीठात जपून ठेवली आहेत. घाबरलेल्यांपेक्षा नाटक आवडल्याचं कळवणारे आणि त्याच्या बाजूने उभे राहणारे त्यात जास्त आहेत.

मग ही गोष्ट एवढी मोठी कुणी केली? दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी. वृत्तसंस्थांनी ठिकठिकाणचे तुकडे गोळा केले, एकत्र शिवले आणि पहिल्या पानावर देशभर घबराट झाली. यामागे जुनं भांडण होतं. मंदीत वर्तमानपत्रांच्या जाहिराती आटल्या आणि रेडिओच्या वाढल्या. १९३३ मध्ये वृत्तपत्रांनी दबाव आणून रेडिओवरच्या बातम्यांवर बंधनं घालून घेतली होती, दिवसातून थोडा वेळ, मोजक्या ओळी. ती बंधनं टिकली नाहीत. म्युनिकच्या वेळी तर लोक सकाळच्या पेपरची वाटच बघेनासे झाले. अशा वेळी रेडिओ बेजबाबदार आहे, याच्या हाती बातम्या देऊ नका, असं म्हणायची आयती संधी चालून आली. आठवडाभर अग्रलेख तेच सांगत होते.

त्या सांगण्याला विद्वत्तेचा शिक्काही मिळाला. प्रिन्स्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांनी १९४० साली अभ्यास छापला: साठ लाखांनी नाटक ऐकलं, बारा लाख घाबरले. हाच आकडा आजही सगळीकडे फिरतो. पण त्यातला श्रोत्यांचा आकडा सहा आठवड्यांनंतर घेतलेल्या चाचणीतला, म्हणजे पेपरांत सगळं छापून झाल्यावर लोकांना विचारलेला. मुलाखती १३५, त्याही न्यू जर्सीतल्या, आणि त्यातल्या शंभरहून जास्त माणसं घाबरली होती म्हणूनच निवडलेली. मुलाखती मन लावून घेतल्या आहेत, भीती कशी चढते हे त्यातून फार चांगलं कळतं. देशातले किती घाबरले, हे त्यातून कळणं शक्य नाही.

गंमत म्हणजे ही वाढवलेली गोष्ट वेल्सच्याही पथ्यावर पडली. सरकारी चौकशी झाली, शिक्षा काही झाली नाही. डिसेंबरपर्यंत कॅम्पबेल सूपने कार्यक्रमाला पैसा दिला, पुढच्या वर्षी हॉलिवूडचा करार झाला आणि १९४१ मध्ये त्याचा 'सिटिझन केन' हा चित्रपट आला. तेव्हा ही कहाणी खोडून काढण्यात कुणालाच रस उरला नाही.

खरा अनर्थ झाला तो इक्वेडोरमध्ये. फेब्रुवारी १९४९ मध्ये राजधानी कीटोच्या रेडिओ स्टेशनने असंच नाटक स्थानिक गावांची नावं घालून केलं, आणि आधी कसलीही कल्पना दिली नाही. लोक रस्त्यावर आले, चर्चमध्ये धावले. हे नाटक आहे असं जाहीर झाल्यावर भीतीचा संताप झाला आणि जमावाने इमारत पेटवली. स्टेशन आणि 'एल कोमेर्सियो' हे वर्तमानपत्र एकाच इमारतीत होतं. आत अडकलेली माणसं जळून मेली. तुमच्या ऑफिसातल्यांनी जीव गेल्याचं ऐकलंय ते कदाचित इथून अमेरिकेत जाऊन चिकटलं असेल. माझा हा नुसता तर्क आहे.

आता एक काम कर. नाटकाचं रेकॉर्डिंग नेटवर सहज मिळतं. रेवाला दहावं लागलं आहे, तिला आता चालेल. पण सुरुवातीपासून ऐकवायचं, निवेदनासकट, आणि आधी हिंडेनबर्गचं ते वर्णन. ऐकताना हातात फोन नको. मध्यंतरानंतरचा भाग जरा संथ आहे, वेल्स एकटाच बोलतो, तिथे ती कंटाळली तर बंद केलंत तरी हरकत नाही. तिला त्यातलं काय आवडलं ते तिने मला स्वतः कळवायचं, मराठीत, चुका झाल्या तरी चालतील.

बाबांचं डोळ्यांचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे, काळजीचं कारण नाही, शेजारचे काका सोबत येणार आहेत. मानसीला सांग, मेतकूट आणि भाजणी कुरियरने निघाली आहे.

तुझी,
आई