लोक ऐकतात ते कुणाचं?

पुणे

प्रिय सुधीर,

तुझं पत्र मिळालं. ‘कोरोनात हजारदा सांगूनही लोक मास्क लावत नव्हते, आपले लोक असेच,’ असं तू चिडून लिहिलं आहेस. मला ते अजिबात पटलेलं नाही, म्हणून फोन न करता सविस्तर लिहितोय.

धारावी आठव. १ एप्रिल २०२० ला तिथे पहिला रुग्ण सापडला आणि आता मुंबईचं काही खरं नाही, असंच सगळे म्हणू लागले. दोन-अडीच चौरस किलोमीटरांत आठ-दहा लाख माणसं, दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ जण, बहुतेकांना संडास सार्वजनिक. तिथे ‘अंतर ठेवा’ असं भोंग्यावरून ओरडून काय होणार? पालिकेनं वस्तीतल्याच खाजगी डॉक्टरांना हाताशी धरलं. पोराला ताप आला की ज्याच्याकडे धाव घ्यायची, तोच डॉक्टर पीपीई किट घालून दारात आल्यावर ‘सासऱ्यांना कालपासून कणकण आहे’ हे सांगायला बाई कचरत नाही. शाळांमध्ये विलगीकरणाची सोय केली, तिथे जेवण दिलं. संडास दिवसातून अनेकदा धुतले. पुष्कळ मजूर गावी निघून गेले होते, हेही खरं. तरीही जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं उदाहरण दिलं, ते उगाच नाही. ज्याच्या घरी नळ नाही आणि आजची मजुरी बुडाली तर चूल पेटत नाही, त्याला बेफिकीर म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

दंडाचंही तेच. मुंबईत विनामास्क फिरणाऱ्याला दोनशे रुपये दंड होता. दंड करणारा पालिकेचा मार्शल दिसला की हनुवटीवरचा मास्क नाकावर चढायचा, तो वळला की पुन्हा खाली. पण आळीतली चार माणसं मास्क लावून बसली असली, की पाचवा आपसूक लावायचा.

आणि आपलं पुणं? १८९७ च्या प्लेगात इंग्रज प्लेग अधिकारी रँडच्या हुकमानं गोरे सोल्जर घराघरांत घुसले, देवघरापर्यंत गेले. लोकांनी आजारी माणसं लपवायला सुरुवात केली. पुढे २२ जूनला गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, ते तुला मी सांगायला नको. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांना आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात घेऊन येत होत्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. मुंबईत हाफकिन या शास्त्रज्ञानं आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. सुधीर, स्वतः धोका पत्करून जवळ येणाऱ्या माणसावर लोक विश्वास टाकतात. सोल्जरवर का टाकावा?

कोरोनातल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई, म्हणजे गावातल्याच आरोग्यसेविका, ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या. तुमच्या गावातल्या ताईंना एकदा निवांत विचार, कुठल्या घरी त्यांना बसायला पाट मिळाला आणि कुठे दार लावून घेतलं, आणि का. त्या काय सांगतात ते मला नक्की लिही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश