आजाराच्या नावाने संशोधक ओळखू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वैद्यकीय संशोधकांवरील लेखांत त्यांची ओळख 'कर्करोग संशोधक' किंवा 'मेंदूविकार संशोधक' अशी करून देण्याची पद्धत पडली आहे. दोन्हीकडे काम केलेले कुणी असेल, तर 'नंतर त्यांनी क्षेत्र बदलले' असे वाक्य येते. विद्यार्थी असे लेख वाचून पीएचडीचा विषय ठरवतात, म्हणून हे पत्र.

चेतापेशींची वाढ अभ्यासणाऱ्या शास्त्रज्ञ रीता लेव्ही-मोंताल्चिनी यांचे काम पाहा. १९४८ मध्ये एल्मर ब्यूकर यांनी उंदराच्या 'सार्कोमा १८०' या कर्करोगाच्या गाठीचा तुकडा कोंबडीच्या गर्भात बसवला आणि चेतातंतू गाठीत शिरताना पाहिले. सेंट लुईसमध्ये व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्याबरोबर लेव्ही-मोंताल्चिनींनी तोच प्रयोग पुढे नेला. गाठ गर्भाबाहेरच्या आवरणावर ठेवली, म्हणजे नसांशी तिचा स्पर्शही नव्हता, तरी गर्भातल्या चेतागुच्छिका, म्हणजे चेतापेशींचे पुंजके, फुगल्या. याचा अर्थ गाठीतून काहीतरी पाझरत होते आणि रक्तावाटे पोहोचत होते.

पण जिवंत गर्भात ते मोजायचे कसे? एकेका प्रयोगाला कितीतरी दिवस लागत. १९५२ मध्ये लेव्ही-मोंताल्चिनी गाठी असलेले उंदीर घेऊन रिओ द जानेरोला गेल्या, कारण तिथे हेर्ता मायर यांच्याकडे ऊती वाढवण्याची सोय होती. सुमारे आठ दिवसांच्या गर्भातली गुच्छिका आणि तिच्यापासून किंचित अंतरावर गाठीचा तुकडा, दोन्ही काचेवर लोंबत्या थेंबात ठेवायचे. २४ तासांत गुच्छिकेभोवती तंतूंचे दाट वलय उमटते. तुकड्याऐवजी गाठीचा अर्क घातला, तर वलय किती दाट, यावरून अर्कातल्या द्रव्याची ताकद कळते. या एका चाचणीशिवाय पुढचे काहीच घडले नसते.

सेंट लुईसला जीवरसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी या चाचणीच्या आधारे द्रव्य वेगळे करायला घेतले. अर्कात प्रथिनही होते आणि न्यूक्लिइक आम्लही. परिणाम यांपैकी कशाचा, हे पाहण्यासाठी आम्ल तोडायला त्यांनी सापाचे विष वापरले. वलय नाहीसे होण्याऐवजी वाढले. अर्क न घालता नुसते विष टाकलेल्या कंट्रोलमध्येही, म्हणजे तुलनेसाठीच्या प्रयोगातही, वलय उमटले, तेव्हा कळले की विषातच ते द्रव्य भरपूर आहे. तो कंट्रोल लावला नसता, तर आम्ल तुटल्याने गाठीचे द्रव्य प्रबळ होते असा चुकीचा निष्कर्ष निघाला असता. विषग्रंथी ही लाळग्रंथीचीच बहीण, म्हणून शोध उंदराच्या लाळग्रंथीकडे वळला आणि तिथे ते द्रव्य, म्हणजे चेतापेशी वाढवणारे प्रथिन नर्व्ह ग्रोथ फॅक्टर (एनजीएफ), विपुल मिळाले.

त्याच ग्रंथीचा कच्चा अर्क टोचलेल्या नवजात उंदरांचे डोळे सातव्याच दिवशी उघडू लागले. एरवी त्याला १२ ते १४ दिवस लागतात. शुद्ध एनजीएफने हे होत नव्हते. कोहेन यांनी ही विसंगती सोडली नाही आणि त्यातून त्वचेच्या पेशी वाढवणारे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर (ईजीएफ) सापडले. त्याचा ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे ते ज्याला चिकटून काम करते ते पेशीवरचे प्रथिन, ईजीएफआर, आज फुप्फुसाच्या कर्करोगातील औषधांचे लक्ष्य आहे. लेव्ही-मोंताल्चिनी आणि कोहेन या दोघांना १९८६ चे नोबेल मिळाले.

उलट दिशेनेही तसेच. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सापडलेले 'ट्रक' (trk) हे जनुक १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. ते एनजीएफच्या ग्राहकाचे आहे, हे १९९१ मध्ये उमगले. या कुटुंबातली जनुके दुसऱ्या जनुकाला चिकटून बिघडतात, तेव्हा होणाऱ्या गाठींवर २०१८ मध्ये अमेरिकेत लॅरोट्रेक्टिनिब हे ग्राहक रोखणारे औषध मंजूर झाले. या गटाच्या औषधांनी काही रुग्णांना चक्कर येते, वजन वाढते आणि औषध थांबवल्यावर वेदना होतात. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूतील पोकळीत एनजीएफ सोडले, तेव्हा वजन घटले आणि पाठ दुखू लागली. एकाच मार्गाची ही दोन टोके आहेत आणि कर्करोगतज्ज्ञाला चेतापेशी ठाऊक नसतील, तर त्याला हे दुष्परिणाम उमजणार नाहीत.

अल्झायमरमधील अपयशही नीट सांगायला हवे. एनजीएफ रक्तातून मेंदूत जात नाही. म्हणून विषाणूवाहकातून, म्हणजे जनुक वाहून नेणाऱ्या निरुपद्रवी विषाणूतून, त्याचे जनुक थेट मेंदूत सोडण्याची चाचणी झाली. रुग्णांना फायदा झाला नाही. मृत्यूनंतर मेंदू तपासले, तर एनजीएफ ज्या पेशींसाठी होते तिथवर पोहोचलेच नव्हते. 'एनजीएफ निरुपयोगी' असे या चाचणीवरून म्हणताच येत नाही. ईजीएफआर रोखणारी औषधे ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या गाठीत फारशी चालली नाहीत, त्यामागेही औषध मेंदूत पुरेसे न शिरणे हे एक कारण आहे. दुसरे म्हणजे एकाच गाठीतल्या पेशी आपसांत फार वेगळ्या असतात.

तेव्हा संशोधकावर लेख छापताना वार्ताहरांनी आजाराच्या नावापाशी थांबू नये. मोजले काय, कंट्रोल कोणता होता, आणि मेंदूसाठीचे औषध असेल तर ते योग्य पेशींपर्यंत पोहोचल्याचे कसे तपासले, एवढे विचारून तेही छापावे.

आपला,
जैववैद्यक विषयाचा एक अध्यापक