खाडी कोकणात, सुनावणी पुण्यात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवेआगर, दापोली, गुहागरच्या ‘सी-व्ह्यू’ प्लॉटचे मोठे गिऱ्हाईक पुण्यात आहे. जाहिरातीत ‘एनए’, ‘क्लिअर टायटल’, ‘रस्त्याला लागून’ सगळे असते. प्लॉटच्या कडेला खारफुटी (कांदळवन, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडे) आहे का, एवढेच नसते.

कायदा कमी नाही. सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) २०१९ च्या अधिसूचनेने खारफुटीला सर्वांत कडक वर्गात ठेवले आहे. क्षेत्र हजार चौरस मीटरहून मोठे असेल तर भोवती ५० मीटरचा पट्टाही मोकळा सोडायचा. त्याआधी १७ सप्टेंबर २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने जमीन सरकारी असो की खासगी, खारफुटीची तोड बंद केली. लोकहिताच्या प्रकल्पालाही न्यायालयाची परवानगी लागते. बुलेट ट्रेनला ती डिसेंबर २०२२ मध्ये मिळाली आणि सुमारे २२ हजार झाडांवर गदा आली. मला ते रुचले नाही, पण निदान झाडांची मोजदाद तरी झाली. जे कोणाची परवानगी मागतच नाहीत, त्यांचे काय?

खारफुटी मारायला कोयता लागत नाही. भरतीचे पाणी ज्या चरातून आत येते, त्याच्या तोंडावर रातोरात मुरूम आणि राडारोडा ओतला की झाले. पाण्याची ये-जा थांबते. कुठे जमीन कोरडी पडते, तर कुठे साचलेल्या पाण्यात चिखलातून वर आलेली श्वासमुळे बुडून गुदमरतात. पाने पिवळी पडतात, गळतात. काही महिन्यांनी उभ्या काटक्या उरतात आणि जमीनमालक ‘इथे कसली खारफुटी?’ म्हणायला मोकळा!

आता अशा भरावाविरुद्ध दाद मागायची, तर राष्ट्रीय हरित लवादाच्या (पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाच्या) कायद्याचे कलम १४ पाहा. वादाचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा. सबळ कारण दाखवले तर आणखी ६० दिवस. मुदत भराव पडल्यापासून मोजायची की झाडे वाळलेली दिसल्यापासून, यावर वाद घालायला समोरच्या वकिलाला भरपूर वाव. शिवाय लवादाचे पश्चिम विभागीय पीठ आपल्या पुण्यात. उरणच्या कोळ्यांनी इथपर्यंत येऊन २०१५ मध्ये १,६३० कुटुंबांसाठी सुमारे ९५ कोटींच्या भरपाईचा आदेश मिळवला, पण प्रत्येक कोळीवाड्याला ते कसे जमणार?

नकाशांचीही तीच कथा. किनारा व्यवस्थापनाचा मुख्य नकाशा १:२५,००० प्रमाणाचा. त्यावर ५० मीटरचा पट्टा म्हणजे दोन मिलिमीटर! त्यात आपला सर्व्हे नंबर कुठे शोधायचा? १:४,००० चे स्थानिक नकाशे मराठीत, सर्व्हे नंबरसह, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागले पाहिजेत.

एक गोष्ट मात्र खारफुटीप्रेमी मंडळी (त्यांत मीही आलो) सोयीस्करपणे टाळतात. रायगडमध्ये जुने खारबांध (भरतीचे पाणी शेतात येऊ न देणारे बांध) फुटले, भातखाचरांत खारे पाणी शिरले आणि तिथे खारफुटी उगवली. त्या शेतकऱ्याचे पीक गेले ते गेलेच, वर आता झाडाला हात लावला तर गुन्हा. बांध वेळेवर दुरुस्त न करणाऱ्या यंत्रणेचा तोटा त्याने का सोसायचा? त्याला जमिनीचा मोबदला द्यावा किंवा दरवर्षी ठरावीक रक्कम द्यावी. नाहीतर चराच्या तोंडावर मुरूम ओतणाऱ्याला तोच पहिला साथीदार मिळेल.

माझी मागणी साधी आहे. किनाऱ्याच्या सातही जिल्ह्यांत सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात ‘कांदळवन व ५० मीटर पट्टा’ अशी नोंद करावी आणि ती पाहिल्याशिवाय खरेदीखत नोंदवू नये. तोवर कोकणात जागा घेणाऱ्या पुणेकरांनी विसार देण्याआधी त्या सर्व्हे नंबरचा सीआरझेड नकाशा मागावा. एजंट टाळाटाळ करू लागला, तर भरतीच्या वेळी स्वतः जाऊन पाणी कुठवर येते ते पाहून यावे.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे