फ्रोझन फोरची तिकिटं आणि अठरा हजारांचं सभागृह

प्रिय मंदार,

परवा फोनवर तू विचारलंस, की अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांच्या आइस हॉकीला एवढी झुंबड उडते, तर ही मंडळी सरळ मोठं स्टेडियम का घेत नाहीत? तेव्हा बोलणं अर्धवट राहिलं. विषय माझ्या जिव्हाळ्याचा, म्हणून सविस्तर लिहितो.

मोठं स्टेडियम घेऊन झालंय रे. २०१० साली डेट्रॉइटच्या फोर्ड फील्डमध्ये, म्हणजे छत असलेल्या अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियममध्ये, तात्पुरता बर्फ गोठवून फ्रोझन फोर, म्हणजे कॉलेज हॉकीच्या राष्ट्रीय स्पर्धेतली शेवटच्या चार संघांची फेरी, भरवली होती. फायनलला ३७,५९२ प्रेक्षक! छताखालच्या हॉकी सामन्याला तोवर एवढी माणसं कधीच जमली नव्हती. बोस्टन कॉलेजने विस्कॉन्सिनला ५-० असं धुतलं. पण रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, असतं २०० फूट लांब नि ८५ फूट रुंद, आणि पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, जेमतेम तीन इंचांची. फुटबॉलसाठी बांधलेल्या गॅलरीतून ती दिसणार किती? माणूस शेवटी वरच्या पडद्याकडेच बघत बसतो. त्यानंतर ही स्पर्धा फुटबॉल स्टेडियममध्ये परत गेली नाही. सेंट पॉल, टॅम्पा, बोस्टन, शिकागो, सेंट लुईस, सगळीकडे व्यावसायिक हॉकी संघांचीच सभागृहं, अठरा-एकोणीस हजारांची. माझ्या मते हाच आकडा योग्य आहे.

आपल्या पुण्यातली पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेची फायनल आठव. भरत नाट्य मंदिरात जागा मिळत नाही म्हणून ती बालेवाडीच्या स्टेडियमला न्यावी असं आपल्यापैकी कुणाला कधी वाटलं होतं का? ‘आवाज कुणाचा’ची आरोळी तिथल्या भिंतींना आपटून परत यायची, त्यातच तर सगळी मजा होती.

२०२४ साली फायनल इथे सेंट पॉललाच होती. मिनेसोटाचा, म्हणजे इथलाच, संघ आधीच बोस्टन युनिव्हर्सिटीकडून हरून बाहेर पडला होता, तरी सभागृह भरलेलं. डेन्व्हरने बोस्टन कॉलेजला २-० हरवून दहावं विजेतेपद घेतलं. त्यांचा गोलकीपर मॅट डेव्हिस याने ३५ फटके अडवले, त्यातले २३ एकट्या तिसऱ्या सत्रात. मी अगदी वरच्या रांगांत होतो, पण त्याचा एकेक बचाव मला नुसत्या डोळ्यांनी दिसला.

आता तिकिटांचं. ठिकाण काही वर्षं आधीच ठरतं आणि बरीच तिकिटं कोणते चार संघ येणार हे कळायच्या आत विकली जातात. ती घेणारे लोक खेळासाठी येतात. आपला संघ नसला तरी आपल्याच कॉलेजची जर्सी घालून दरवर्षी नव्या शहरात हजर! मला या लोकांचं फार अप्रूप आहे. मग संघ ठरले, की त्यांचे विद्यार्थी आणि पालक धावतात, आणि भाव चढतात ते तेव्हा. जवळचा संघ पोचला तर विचारूच नकोस. उलट गुरुवारी सेमीफायनल संपल्या, की हरलेल्यांचे समर्थक शनिवारची तिकिटं विकून घरी निघतात. तुला एप्रिलमध्ये यायला जमलं, तर शुक्रवारी तिकीट बघू, तेव्हा ते बरंच आवाक्यात येतं. एकच वाटतं, खेळणाऱ्या कॉलेजांच्या विद्यार्थ्यांसाठी स्वस्त जागा आणखी राखायला हव्यात. सेंट लुईसला २०२५ मध्ये वेस्टर्न मिशिगनने बोस्टन युनिव्हर्सिटीला ६-२ हरवून पहिल्यांदा अजिंक्यपद मिळवलं. त्यांचं स्वतःचं रिंक चार हजारांच्याही आतलं. तिथे हिवाळाभर घसा फोडणाऱ्या पोरांना फायनल बाहेरून ऐकावी लागू नये.

मला खरी खंत आहे ती आधीच्या फेरीची. सोळा संघ चार शहरांत विभागून खेळतात, बहुतेकदा त्रयस्थ ठिकाणी. रविवारी संघ जाहीर होतात आणि त्याच आठवड्यात गुरुवार-शुक्रवारी सामने सुरू. चार दिवसांत विमान, हॉटेल, तिकीट जमवणार कोण? म्हणून खुर्च्या रिकाम्या राहतात, आणि हंगामातले सर्वांत जीवघेणे सामने त्या रिकाम्या खुर्च्यांसमोर होतात. वरच्या मानांकनाच्या संघाला हे सामने घरच्या रिंकवर द्यावेत, असं माझं ठाम मत आहे. नॉर्थ डकोटाचं ग्रँड फोर्क्समधलं सभागृह अकरा हजारांहून मोठं आहे, ते एका दिवसात भरेल. पाहुण्या संघावर अन्याय होतो असं विरोधक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण हंगामभर मेहनत करून वरचं मानांकन मिळवणाऱ्याला काही तरी मिळायला नको का?

१९४८ मध्ये ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा चारच संघ होते, आणि पहिली दहा वर्षं ती कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या ब्रॉडमूर हॉटेलच्या रिंकवर झाली. तो काळ मला बघायला आवडला असता.

येण्याचं नक्की कर आणि व्हिसाचं लवकर बघ. थंडीचे कपडे आणू नकोस, माझ्याकडे आहेत. काकूंना नमस्कार, छोटीला पापा.

तुझा,
अनिकेत