टांगा पुरे, हॉकीचं लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भारतीय महिला हॉकी संघाची माजी कर्णधार राणी रामपाल हिच्या निवृत्तीवरचा तुमचा लेख काल वाचला. जागा भरपूर दिलीत, आभार. पण निम्मा लेख तिचे वडील टांगा चालवायचे यातच संपला. हरियाणातल्या शाहाबादची ही पोर पंधरा वर्षांची असताना २०१० चा विश्वचषक खेळली, ते एका वाक्यात उरकलंत. आणि २ नोव्हेंबर २०१९ कुठे गेला? टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत भुवनेश्वरला आदल्या दिवशी अमेरिकेला ५-१ ने लोळवणारा आपला संघ दुसऱ्या दिवशी मध्यंतरापर्यंत चार गोल खाऊन बसला होता. दोन्ही सामन्यांचे गोल धरून ५-५ अशी बरोबरी. शेवटच्या क्वार्टरमध्ये राणीने गोल मारला नसता तर कसलं टोकियो, कुठला ऑस्ट्रेलियावरचा विजय नि कुठला चौथा क्रमांक! त्या गोलाला तुमच्याकडे अर्धी ओळ नाही. टांगा मात्र मथळ्यात.

टोकियोत कर्णधार असलेली ही खेळाडू पुढच्याच वर्षी विश्वचषकाच्या संघात नव्हती. २०२३ च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर परतली, गोलही केले, तरी पुन्हा बाहेर. इकडे रांचीत पात्रता फेरीत जपानकडून हरून पॅरिस ऑलिंपिक हुकलं. हे का झालं ते विचारायचं सोडून तुम्ही ‘जिद्दीची कहाणी’ म्हणून मोकळे!

मला एवढं झोंबायला कारण आहे. माझी पुतणी जिल्ह्याच्या संघात निवडली गेली तेव्हा एका वर्तमानपत्राचे प्रतिनिधी (तुमचे नव्हेत, काळजी नसावी) घरी आले. भावाला म्हणाले, “काका, जरा गोठ्यात उभे राहा, म्हैस दिसू दे.” पोरीला स्टिक खांद्यावर घेऊन म्हशीचा कासरा धरायला लावला. म्हैस बिथरली, पोरीच्या नव्या बुटांवर शेण. ती लेफ्ट बॅक खेळते, पेनल्टी कॉर्नरला गोलातून सगळ्यात आधी तीच फटका मारणारीच्या अंगावर धावते, हे विचारायला कुणाला सुचलं नाही. छापून आलं, ‘गोठ्यातून मैदानाकडे’. अहो, भावाच्या दारात ट्रॅक्टर आहे! वर्गातल्या पोरी तिला अजून ‘गोठा’ म्हणून हाक मारतात.

१९६४ ला ऑलिंपिकचं सुवर्णपदक आणणाऱ्या हॉकी संघात आपल्या बेळगावचे बंडू पाटील होते, गोलात मराठा लाईट इन्फंट्रीचे शंकर लक्ष्मण. इथल्या वाचकाला हॉकी समजावून सांगावी लागत नाही, तेव्हा बिनधास्त लिहा.

आता लिहायला बसलोच आहे तर आणखी एक. क्रीडापान हल्ली वाढदिवसाच्या शुभेच्छांनीच भरलेलं असतं. भावी नगरसेवक, गॉगल, खाली पंचवीस ‘शुभेच्छुक’. त्यांच्यापायी तालुका स्पर्धेचे निकाल गेल्या आठवड्यात एक दिवस उशिरा आले, तेही मुलींच्या उपांत्य सामन्यापर्यंतच. अंतिम सामना कोण जिंकलं ते आम्हाला माहीत आहे. तुम्ही कधी छापताय?

कळावे,
एक वाचक, खानापूर